मृत्युपत्राचा मेळावा आणि संस्थेसाठी एक ओळ

दरवर्षी न चुकता पाचशे-हजार रुपये पाठवणारे हितचिंतक हा कुठल्याही लहान-मध्यम संस्थेचा खरा आधार असतो. त्यांतले कितीतरी जण आता सत्तरीपुढचे आहेत. त्यांच्यापैकी कुणी गेलं की देणगी थांबते. ती चालू होती हेही घरच्यांना पुष्कळदा ठाऊक नसतं. ज्या कामासाठी माणसाने वर्षानुवर्षं पैसे बाजूला काढले, त्याचा मिळकतीच्या वाटणीत उल्लेखही येत नाही, कारण मृत्युपत्र केलेलंच नसतं. म्हणून पुण्यात आमच्या संस्थेतर्फे आम्ही हितचिंतकांसाठी मृत्युपत्र मार्गदर्शनाचे मेळावे घेतो. त्यांची जी पद्धत बसत गेली ती इथे मांडतो आहोत. विश्वस्तांच्या बैठकीत हा विषय निघाला की ‘लोकांना वाईट वाटेल’ या वाक्यापाशी अडतो, म्हणून आधीच सांगतो: ज्येष्ठ मंडळींना या विषयाचं वाईट वाटत नाही. घरात तो काढला की मुलं ‘कशाला आत्ता नको ते’ म्हणून उडवून लावतात. नीट माहिती देणारं माणूस मिळालं की ही मंडळी वही घेऊन येतात आणि शेवटपर्यंत बसतात.

सगळ्यात आधी ठरवावी लागते ती संस्थेची मर्यादा. आमचा नियम असा: संस्था कुणाचंही मृत्युपत्र लिहून देत नाही, संस्थेचा वकील ते करत नाही, संस्थेचा कर्मचारी किंवा विश्वस्त त्यावर साक्षीदार म्हणून सही करत नाही, आणि मूळ प्रत संस्थेत ठेवून घेतली जात नाही. हा नियम सोवळेपणासाठी केलेला नाही. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (ऑल इंडिया रिपोर्टर, 1959) आजही मृत्युपत्राच्या प्रत्येक वादात पुढे येतो. ज्याला मृत्युपत्रातून मोठा लाभ होतो त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी लाभार्थ्यावर येते. संस्थेच्या गाडीतून नेलं, संस्थेच्या वकिलाने लिहिलं, संस्थेच्या दोन माणसांनी साक्ष घातली, आणि शेवटी फ्लॅट संस्थेला: एवढं वाचून कुठल्याही पुतण्याचा वकील खूश होईल. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 प्रमाणे फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची इच्छाच चालू नये इतका पिच्छा पुरवून करून घेतलेलं मृत्युपत्र रद्दबातल असतं. तेव्हा मदतीच्या भरात केलेली धावपळ देणगीच्याच मुळावर येते.

बाहेरच्या देशांतल्या संस्थांची माहितीपत्रकं मिळतात, ती जशीच्या तशी घेऊ नयेत. ब्रिटनमध्ये 3,25,000 पौंडांच्या वरच्या मिळकतीवर साधारणपणे 40 टक्के वारसा कर लागतो, धर्मादाय संस्थेला ठेवलेला भाग करमुक्त असतो, आणि कराला पात्र मिळकतीपैकी निदान 10 टक्के संस्थांना ठेवली तर उरलेल्यावरचा दर 36 टक्क्यांवर येतो. तिथल्या मेळाव्यात हा हिशेब मांडावाच लागतो. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी (मृत व्यक्तीच्या मिळकतीवरचा कर) 1985 मध्ये रद्द झाली. करबचतीचं कारण इथे नाहीच. इथे माणूस मृत्युपत्राकडे वळतो तो घरात भांडणं होऊ नयेत म्हणून, आणि संस्थेकडे वळतो तो कामावरच्या लोभामुळे. मेळाव्याची रचना या दोन गोष्टींवर बेतावी.

बोलवायचं कुणाला? विश्वस्तांचा पहिला सूर असतो मोठ्या देणगीदारांचा. आम्ही यादी वेगळी काढतो. सलग पाच वर्षं किंवा जास्त काळ देणगी देणारे, मग रक्कम कितीही असो, जुने स्वयंसेवक, निवृत्त कर्मचारी, संस्थेच्या सेवेचा लाभ घेतलेल्यांचे नातेवाईक. दरसाल हजार रुपये देणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या नावावर कोथरूडमधला फ्लॅट असू शकतो. तिचं दरमहाचं उत्पन्न कमी असेल, मिळकत कमी नसते. मूलबाळ नसलेल्यांचीच यादी काढावी अशी सूचना हमखास येते. ती मानू नये. सभागृहात सगळे एकमेकांकडे पाहतात आणि आपल्याला का बोलावलं हे क्षणात ओळखतात. ज्यांच्या घरी वर्षभरात मृत्यू झाल्याचं माहीत आहे त्यांना मात्र त्या वर्षी वगळावं.

आमंत्रणात विषय स्वच्छ लिहावा. वर्धापनदिनाच्या नावाने बोलवून मध्येच मृत्युपत्राचं व्याख्यान लावलं तर माणसं दुखावतात, आणि ते रास्तच आहे. पत्र पोस्टाने, तीन-चार आठवडे आधी, सही पेनाने केलेली. त्यात एक वाक्य असं असावंच: ‘या कार्यक्रमात देणगी गोळा केली जाणार नाही.’ मग आठवडाभर आधी फोन आणि आदल्या दिवशी व्हॉट्सअॅप. फोनवर चार गोष्टी विचारायच्या: सोबत कोण येणार, जिना चढता येतो का, ऐकू कमी येतं का, मधुमेह आहे का. 40 खुर्च्या भरायच्या तर पन्नासच्या आसपास होकार लागतात, कारण त्या वयात सकाळी उठल्यावर गुडघा काय म्हणतो त्यावर बेत ठरतो. चाळीसच्या वर जाऊ नये. गर्दीत प्रश्न विचारायला माणसं कचरतात. जोडीने या, असं आवर्जून सांगावं. नवरा एकटा आला तर घरी जाऊन बायकोला सगळं परत सांगावं लागतं, आणि ते सांगणं राहून जातं. मुलांना आणलेलं चालेल का, असं विचारलं तर हो म्हणावं. वारसांना अंधारात ठेवणारी संस्था ही ओळख कधीही नको.

तारीख निवडताना गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि मुलांच्या परीक्षा टाळाव्यात हे उघड आहे. पितृपक्ष या विषयाला योग्य असं काहींना वाटतं. त्या पंधरवड्यात घरोघरी तिथ्या असतात, माणसं मोकळी नसतात. जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबरचा उत्तरार्ध उत्तम. वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा आणि मग जेवण. संध्याकाळी अंधारात परतायचं ओझं नको. सभागृह तळमजल्यावर किंवा खात्रीची लिफ्ट असलेलं, खुर्च्यांना हात असलेले, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आणि त्यात एक तरी कमोड. लिहायचं असतं म्हणून सहा-सात जणांमागे एक टेबल हवं. माइक दोन: एक वक्त्याला, एक प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये फिरवायला. दुसरा माइक नसला तर प्रश्न मागच्या रांगेला ऐकू येत नाही आणि पाच मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो. खाणं साधं, वेळेवर, कमी तेलकट; यावर जास्त विचार करायची गरज नाही.

वकील निवडणं हा कळीचा भाग. मृत्युपत्र, वारसा आणि सोसायटी-हस्तांतर यांत रोज काम करणारा, मराठीत सोपं बोलणारा, आणि संस्थेचं दुसरं कुठलंही काम न करणारा. त्यांना मानधन द्यावं. फुकट बोलावलं तर त्यांनी अशील मिळवायला यावं असा अर्थ होतो. वकिलांना जाहिरात करून काम मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे, तेव्हा कार्डं वाटायची नाहीत हे आधीच बोलून घ्यावं. कुणाला वकील हवा असेल तर आम्ही निदान तीन-चार नावांची यादी देतो आणि ‘तुमचा ओळखीचा वकील असेल तर तोच बरा’ असं सांगतो. विमा, म्युच्युअल फंड, ज्येष्ठांची संकुलं विकणारे लोक अशा कार्यक्रमाचा वास काढत येतात. दारावर यादी घेऊन एक खमका माणूस असावा.

कार्यक्रमाची सुरुवात संस्थेच्या कामाने, फक्त दहा मिनिटं, आणि तीही अध्यक्षांच्या भाषणाने नव्हे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिकेने, शिक्षकाने किंवा समन्वयकाने काल-परवा काय केलं ते सांगावं. नंतर वकिलाची चाळीस मिनिटं. त्याच्यापुढे घड्याळ ठेवावं. मग प्रश्नोत्तरं, तीही चाळीस मिनिटं. खरा मेळावा तोच. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार हे सगळं कटाक्षाने टाळतो. ज्यांनी आधीच संस्थेला मृत्युपत्रात स्थान दिलं आहे त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार करावा ही सूचना चांगल्या मनाने येते, पण त्याने दोन अनर्थ होतात: बाकीच्यांवर दडपण येतं, आणि सत्काराचा फोटो नातेवाइकांच्या गटात फिरतो. या कार्यक्रमाचे फोटो आम्ही काढत नाही.

वकिलाने जे सांगायलाच हवं ते थोडकं आहे. सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कुणालाही मृत्युपत्र करता येतं. साध्या कागदावर, कुठल्याही भाषेत चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही. सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदार, त्यांनी ती सही होताना पाहिलेली किंवा ‘ही माझीच सही’ असं प्रत्यक्ष ऐकलेलं असावं, आणि त्यांनी आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर करायची. साक्षीदार वयाने लहान असावेत आणि लाभार्थी नसावेत, कारण मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायची वेळ आली तर निदान एका साक्षीदाराला साक्षीला बोलवावं लागतं. समवयस्क मित्रांच्या सह्या घेतल्या तर तोवर कुणीच उरत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, दुय्यम निबंधक कार्यालयात होते, आणि आम्ही तिचा आग्रह धरतो: कागद हरवला तरी नोंद सापडते आणि सही कुणाची यावरचे वाद पुष्कळ कमी होतात. डॉक्टरांचा दाखला कायद्याने सक्तीचा नाही. ऐंशीच्या पुढे तो त्याच तारखेचा जोडलेला बरा. जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्राशी त्याची गल्लत होते म्हणून फरक ठासून सांगावा: बक्षीसपत्राने घर आजच हातातून जातं, मृत्युपत्राने डोळे मिटेपर्यंत ते तुमचंच असतं.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: ‘सगळीकडे नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?’ याचं उत्तर नीट द्यावं लागतं. नॉमिनी म्हणजे सर्वसाधारणपणे पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर मात्र रक्कम त्यांचीच होते. गृहनिर्माण सोसायटीचं नॉमिनेशन हाही हक्काचा निवाडा नव्हे. बँक ठेवींना 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी लावता येतात, म्हणून आता चौघांची मालकी झाली असा समज पसरला आहे. तोही दूर करावा लागतो.

दुसरा प्रश्न वडिलोपार्जित मिळकतीचा. हिंदू माणसाला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, सगळी मिळकत नाही. आणि 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर त्या हिश्शांत मुलीही बरोबरीने आहेत. मुस्लिम हितचिंतकांना वारसांच्या संमतीशिवाय मिळकतीच्या एक तृतीयांशपर्यंतच असं देता येतं, हे वकिलाने आपणहून सांगावं, त्यांना विचारायला लागू नये. ख्रिस्ती हितचिंतकांना जुन्या नियमाची भीती असते: जवळचे नातेवाईक असतील तर धर्मादायासाठी मृत्युपत्र निदान बारा महिने आधी करून सहा महिन्यांत जमा करायचं. उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम 118 सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये जॉन वल्लामट्टम खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. गोव्याचे हितचिंतक असतील तर त्यांना मात्र पुण्याचा नमुना देऊ नये. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने चालू आहे: पती-पत्नींची मिळकत सहसा सामायिक, आणि आपल्या वाट्यातलाही निम्मा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव. देता येतं ते उरलेल्या निम्म्यातून, आणि मृत्युपत्रही तिथल्या विशेष नोटरीमार्फत. मुंबईकरांचा प्रश्न प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा असतो. त्या नियमांत बदल होत आले आहेत, म्हणून त्याचं उत्तर त्या दिवशीचा कायदा पाहून वकिलानेच द्यावं, कार्यकर्त्याने कधीही नाही.

शेतजमीन हा विषय निघाला की वेळ द्यावा. ‘गावची दोन एकर संस्थेला ठेवतो’ असं म्हणणारी माणसं मनापासून म्हणतात. पण 1948 च्या कुळकायद्यात बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत. गुजरातला लागू असलेल्या याच कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनोदचंद्र कापडिया खटल्यात असं ठरवलं की मृत्युपत्रानेही हा निर्बंध ओलांडता येत नाही. अशांना आम्ही सांगतो की जमीन घरच्यांना ठेवा आणि संस्थेला रोख रकमेत द्या.

देहदानाचा आणि नेत्रदानाचा प्रश्न दर वेळी येतो. ती इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहून ठेवणं व्यर्थ आहे, कारण मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडलं जातं आणि नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाचा अर्ज भरावा आणि घरातल्यांना तोंडी सांगून ठेवावं. मोबाइलवर चित्रफीत करून ठेवली तर चालेल का, हाही नेहमीचा प्रश्न. चित्रफीत म्हणजे मृत्युपत्र नव्हे. सही होतानाची चित्रफीत पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते, एवढंच.

या चाळीस मिनिटांत बिघडतं ते असं: कुणीतरी भावाबरोबरची तीस वर्षांची भानगड उलगडायला लागतं. त्यांना थांबवलं तर अपमान, चालू दिलं तर बाकीचे कंटाळतात. म्हणून प्रश्न आधीच चिठ्ठीवर, नाव न घालता मागवतो. सूत्रसंचालक त्यांतले सामाईक प्रश्न वाचतो, आणि खासगी प्रश्नांना जेवणानंतर वकिलाबरोबर प्रत्येकी दहा मिनिटं देतो. दुसरी अडचण: कुणी घरून लिहून आणलेला मसुदा काढतो आणि ‘इथे इतकी माणसं आहेत, दोन सह्या करून टाका’ म्हणतो. नाही म्हणावं. त्या सभागृहात झालेली सही उद्या न्यायालयात संस्थेविरुद्ध वापरली जाईल, हे त्यांना शांतपणे समजावलं की पटतं.

आता संस्थेच्या मागणीकडे. ती एकदाच, शेवटी, एका विश्वस्ताने दोन-तीन वाक्यांत करावी. आमचं सांगणं साधारण असं असतं: ‘आधी घरच्यांची तजवीज करा. ती झाल्यावर जे उरेल त्याचा लहानसा वाटा या कामासाठी ठेवावासा वाटला, तर ते कसं लिहायचं हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. ठेवला किंवा नाही ठेवला, आपलं नातं आहे तसंच राहील.’ हे खरंच तसं मनात असेल तरच म्हणावं. हितचिंतकांतलंच कुणी, ज्यांनी अशी तरतूद केली आहे, ते आपणहून दोन मिनिटं बोलायला तयार असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. रकमेचा आकडा मात्र त्यांनीही सांगू नये. टाटांचं उदाहरण देण्याचा मोह होतो. सर रतन टाटा 1918 मध्ये गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रातल्या तरतुदीनुसार 1919 मध्ये त्यांच्या नावाचा न्यास उभा राहिला, हे खरं आहे. पण ते ऐकून समोरचा माणूस म्हणतो की हे काम आपलं नव्हे. दोन टक्के, पाच टक्के, किंवा एक महिन्याचं पेन्शन, अशी माप दाखवणारी उदाहरणं बरी.

पुस्तिका सोळा पानांची, अक्षर 16 पॉइंटचं, कागद न चकाकणारा. मधलं पान सुटं काढता येईल असं मालमत्तेच्या यादीचं: बँक खाती, ठेवी, पोस्ट, पीपीएफ, डीमॅट, विमा, घर, लॉकर, सोनं, जमीन, आणि देणी. ही यादी कुणीही आमच्याकडे द्यायची नाही, हे त्याच पानावर छापलेलं. शेवटच्या पानावर नमुन्याचं वाक्य (यातला व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला त्यात नेमलेला माणूस):

‘माझी देणी, अंत्यविधीचा खर्च आणि वर नमूद केलेल्या देणग्या भागवून उरणाऱ्या माझ्या सर्व मिळकतीचा … टक्के हिस्सा मी … (संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव), सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक …, पॅन …, पत्ता …, यांना त्यांच्या सर्वसाधारण कार्यासाठी देत आहे. संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीने दिलेली पावती माझ्या व्यवस्थापकास पुरेशी समजावी. माझ्या मृत्यूसमयी ही संस्था अस्तित्वात नसेल, तर माझ्या व्यवस्थापकाने समान उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेस हा हिस्सा द्यावा.’

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या गोंधळातून आला आहे. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, कारण लोक बोलीतलं नाव लिहितात, आणि ‘पुण्यातलं अंधांचं विद्यालय’ किंवा ‘अनाथाश्रम’ एवढ्यावर दोन संस्था दावा करू शकतात. हिस्सा टक्क्यांत हवा, कारण आज लिहिलेले पन्नास हजार वीस वर्षांनी किती उरतील ते सांगता येत नाही, आणि मिळकत घटली तर ठरावीक रक्कम वारसांच्या वाट्यावर बसते. ‘अमुक बँकेतली अमुक क्रमांकाची ठेव’ असं लिहिणं सगळ्यात धोक्याचं. ठेवीची मुदत संपते, पैसे दुसरीकडे वळतात, आणि मृत्यूच्या वेळी ती वस्तूच शिल्लक नसल्याने देणगी नाहीशी होते. ‘सर्वसाधारण कार्यासाठी’ हेही विचारपूर्वक आहे. ‘फक्त जुन्या वसतिगृहासाठी’ असं लिहिलं आणि वसतिगृह बंद झालं, तर पैसे दुसरीकडे वापरायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली न्यायालयाची पायरी चढावी लागते. रक्कम मूळ निधीत जावी आणि फक्त व्याज वापरावं अशी इच्छा असेल तर तसं स्पष्ट लिहावं. तोंडी सांगितलेलं हिशेब तपासनिसापुढे टिकत नाही.

घर ठेवायचं असेल तर एक गोष्ट सगळ्यांना सांगतो: फ्लॅट संस्थेच्या नावे करू नका, व्यवस्थापकाने तो विकून येणारी रक्कम संस्थेला द्यावी असं लिहा. फ्लॅट थेट संस्थेकडे आला तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, मालमत्तेची नोंद, आणि विकायचा झाला तर त्याच 1950 च्या अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. तोवर सोसायटीचं मेंटेनन्स आणि महापालिकेचा कर चालूच. व्यवस्थापकाने विकला तर यातलं बरंचसं टळतं. व्यवस्थापक म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचं नाव घालू नये. नात्यातला किंवा ओळखीतला, वयाने लहान, आणि त्यांना आधी विचारलेलं असावं. एक पर्यायी नावही हवं.

परदेशी स्थायिक हितचिंतकांशी बोलताना नागरिकत्व विचारावं लागतं. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, देणगी 2010 च्या एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली येते. संस्थेकडे ती नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरावीक खातं नसेल तर मृत्युपत्रात लिहिलेली रक्कम स्वीकारताच येत नाही. ही गोष्ट आधी न सांगणं म्हणजे त्या माणसाच्या शेवटच्या इच्छेशी खेळणं.

निघताना एक अर्ज आणि पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट देतो. अर्जावर तीन चौकटी: आणखी माहिती हवी, विचार करतो आहे, तरतूद केली आहे. रकमेची चौकट नाही. तिथेच भरून द्या असं म्हणायचं नाही. मेळाव्यानंतर चार दिवसांत आभाराचं पत्र, दोन-तीन आठवड्यांनी एकच फोन, तोही शंका राहिली आहे का एवढं विचारायला. त्यापुढे नेहमीचा वार्षिक अहवाल आणि दिवाळीचं पत्र. पुन्हा विचारणा नाही. ‘तरतूद केली आहे’ असं कळवणाऱ्यांची नोंद एकाच माणसाच्या कुलपात राहते. तिच्यात नाव, तारीख आणि त्यांनी आपणहून सांगितलेलं तेवढंच. मृत्युपत्राची प्रत मागत नाही. ती नोंद अंदाजपत्रकात धरत नाही, कारण उद्या त्यांनी विचार बदलला तर तो त्यांचा हक्क आहे, आणि विश्वस्तांना मेळाव्याचा हिशेब पुढच्या मार्चअखेर मागता येणार नाही हेही सुरुवातीलाच लेखी मान्य करून घेतो. अर्ज लगेच फार येत नाहीत. पाकिटं सहा महिन्यांनी, वर्षाने येतात. कधी मृत्युपत्र उघडल्यावरच व्यवस्थापकाचा फोन येतो.

तो फोन आला की पहिलं काम सांत्वनाचं, तेही प्रत्यक्ष भेटून, आणि त्या भेटीत पैशाचा शब्द काढायचा नाही. नंतर व्यवस्थापकाला पत्र: संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँकेचा तपशील. घाईची पत्रं किंवा वकिलाची नोटीस पाठवू नये. घर अजून सुतकातून बाहेर आलेलं नसतं. वारसांपैकी कुणाचा आक्षेप असेल तर विश्वस्तांनी समक्ष बसून बोलावं. मात्र ‘जाऊ दे, सोडून देऊ’ असं परस्पर ठरवू नये. तो पैसा न्यासाचा आहे, आणि हक्क सोडायचा झाला तर ठराव आणि कायदेशीर सल्ला दोन्ही लागतात. रक्कम जमा झाल्यावर पावती व्यवस्थापकाच्या नावे, त्यावर दिवंगत व्यक्तीचा उल्लेख. वर्षभराने, त्या पैशातून काय झालं ते कळवणारं पत्र कुटुंबातल्या प्रत्येक वारसाला वेगवेगळं पाठवतो, ज्यांनी आक्षेप घेतला होता त्यांनाही.